मेसेज पोचला होता

नोकरीची शेवटची वर्षं मी एका गुलाबी गाडीत काढली. बसएवढी लांब गाडी, बाहेरून गुलाबी, अंगावर हसऱ्या बायकांची चित्रं आणि आत स्तनांचा एक्स-रे काढायचं मशीन. त्याला मॅमोग्राफी म्हणतात. स्तनाचा कॅन्सर हाताला लागायच्या आधी त्यात दिसू शकतो. मी त्या मशीनवरची टेक्निशियन. गाडी शहरातल्या एका ट्रस्टची होती. ट्रस्टचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर वाचणारे त्या एका नावावर राग काढून मोकळे होतील, आणि माझा राग एका नावात मावणारा नाही.

रिटायर झाल्यावर माणूस निवतो म्हणतात. माझं उलट झालं. नोकरीत असताना नीट रागवायला सवड नव्हती, ती आता मिळाली.

आधी काम काय असतं ते सांगते. मशीनला खाली एक पाटी असते आणि वर एक पारदर्शक पाटी. बाईला उभं करायचं, एक स्तन खालच्या पाटीवर नीट ठेवायचा आणि वरची पाटी हळूहळू खाली आणत दाबायची. दाबल्याशिवाय आतलं स्पष्ट दिसत नाही. दुखतं. मुळीच दुखत नाही असं सांगणारी टेक्निशियन खोटं बोलते. "काय भाकर थापायलीस का माय?" असं पैठणकडच्या एका आजीबाईंनी मला विचारलं होतं आणि बाहेर रांगेत बसलेल्या सगळ्या बाया हसल्या होत्या. पाटी दाबली की श्वास रोखायला सांगायचं आणि बटण दाबायचं. दोन्ही बाजूंचे मिळून चार फोटो. थंडीत ती पाटी बर्फासारखी गार पडते, म्हणून मी आधी तळहातांनी घासून ती कोमट करून घ्यायचे. हे कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत.

काखेत पावडर लावून यायचं नाही, कारण पावडरचे कण फोटोत पांढरे ठिपके होऊन उमटतात. एका बँकेतल्या मॅडम सांगूनसुद्धा पावडर, सेंट सगळं लावून आल्या. पुसायला कापूस दिला तर म्हणाल्या, "अहो, फोटो काढायचाय म्हणून तर तयार होऊन आले!" असल्या बायकांवर माझा राग नाही. त्यांनी मला हसवलं.

राग आहे तो दुसऱ्या गोष्टींचा. गाडीच्या एका कार्यक्रमाला एक पुढारी आले. नारळ फोडून झाला, रिबन कापून झाली, मग साहेबांना मशीनबरोबर फोटो हवा झाला. आत पडद्यामागं एक बाई कपडे काढून उभी होती. मी दार अडवलं.

"साहेब, आत पेशंट आहे."

"असू द्या हो, आपल्या भगिनीच आहेत."

मी दार आतून लावून घेतलं. साहेबांनी गाडीच्या आरशाशेजारी उभं राहून फोटो काढला. मला ऑफिसातून समज मिळाली.

गाडी उभी कुठं राहायची? बँकांच्या आवारात, औरंगपुऱ्यातल्या कॉलेजपुढं, कारखानदारांच्या बायकांच्या क्लबात आणि गेट, वॉचमन, बाग असलेल्या सोसायट्यांमध्ये. तिथं विजेचं कनेक्शन मिळायचं, खुर्च्या मिळायच्या, चहा-पोहे मिळायचे. त्या बायकांनाही कॅन्सर होतो, त्यांची तपासणी झालीच पाहिजे. पण ज्या बाया त्या सोसायट्या बांधत होत्या, त्यांच्यासाठी गाडी एकदाही निघाली नाही. मी आमचे समन्वयक पाटणकर सर यांना विचारलं होतं. सर सभ्य माणूस, आवाज कधी चढला नाही.

"नसरीनबाई, त्या बायका नंतर सापडत नाहीत. आज इथं, उद्या दुसरीकडं. फॉलो-अप होत नाही आणि आपलं काम कागदावर वाईट दिसतं."

म्हणजे ज्या सापडणार नाहीत, त्यांना शोधायचंच नाही. इतका साधा हिशेब.

आमच्याच शहराच्या सातारा परिसरातल्या एका नव्या सोसायटीत गाडी लागली होती तेव्हाची गोष्ट. शहराचं नाव तेव्हा बदललेलं नव्हतं. सोसायटीच्या समोरच्या प्लॉटवर आणखी एक बिल्डिंग चढत होती. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी गाडीच्या पायरीवर डबा उघडून बसले होते. रस्ता ओलांडून एक बाई आली. साडीवरून पुरुषी शर्ट, डोक्याला चुंबळ तशीच, हातात रिकामी कळशी. सोसायटीच्या नळावर पाणी भरायला आली होती.

"बाई, इथं बायांची छाती तपासतेत का?"

"हो. का गं?"

"मह्या इथं गाठ हाय. दसऱ्याच्या आधीपासून."

वॉचमन लगेच धावत आला. "ओ मावशी, हे सोसायटीवाल्यांसाठी आहे. पाणी घ्या आणि निघा."

मी डबा बंद केला आणि तिला आत घेतलं. वॉचमनला म्हटलं, तुमच्या सेक्रेटरींना सांगायचं ते सांगा.

तिचं नाव गयाबाई. हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातली. नवरा नामदेव गवंडी, ती आणि सतरा वर्षांची मुलगी संगीता बिगारी. तिघं मुकादमाच्या टोळीबरोबर साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत राहायची. मी हात लावून पाहिलं. गाठ टणक होती आणि वरची कातडी आत ओढली गेली होती. इतकी वर्षं हे काम केल्यावर हाताला समजतं.

"दवाखान्यात गेली नाहीस?"

"गेल्ते की. इथल्या सरकारी दवाखान्यात गेल्ते, तर म्हनले पत्ता कुठला? म्हनलं साइटवर ऱ्हातो. तर म्हनले गावाकडं दाखीव. दिवाळीला गावाकडं गेल्ते, तर तिथली नर्स म्हनली, तुमी तर इथं ऱ्हातच नाय, शहरात मोठे दवाखाने हायेत, तिथंच दाखीव."

हे ती तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती. एस.टी. चुकली हे सांगावं तसं सांगत होती. माझं डोकं तापलं ते त्यामुळंच जास्त.

फोटो काढले. ती हूं की चूं करेना. टेक्निशियननं फोटो बघून पेशंटला निदान सांगायचं नाही हा आमच्या कामातला नियम आहे आणि तो योग्य आहे. फोटो डॉक्टर बघतात, रिपोर्ट ऑफिसात जातो आणि ऑफिस बाईच्या मोबाइलवर कळवतं. मी एवढंच म्हणाले, "गयाबाई, पुढची तपासणी करावी लागणार. तुला फोन येईल. ये नक्की."

"फोन घरवाल्याचा बंद हाय. मुकादमाचा देते."

मुकादमाचा नंबर मशीनच्या कॉम्प्युटरवर चढला. ती कळशी घेऊन गेली. संध्याकाळी सेक्रेटरी येऊन मला म्हणाले, "मॅडम, आमच्या लेडीज ज्या मशीनवर उभ्या राहतात त्यावर तुम्ही कुणालाही घेता?" मी म्हटलं, मशीन प्रत्येक बाईनंतर पुसते मी. तुमच्या लेडीजनंतरसुद्धा पुसते.

पुढं कामाच्या गडबडीत थंडी सरली. एक दिवस ऑफिसात गेले होते, गयाबाईची आठवण झाली. पाटणकर सरांना विचारलं. त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडं वळवला.

"मेसेज गेलाय. हे बघा, पोचल्याची खूणसुद्धा आहे."

"ती आली का पुढच्या तपासणीला?"

"ते आता त्यांच्यावर आहे ना. आपण कळवलं."

मेसेज वाचला. सगळा इंग्रजीत. आपल्या अहवालानुसार अधिक मूल्यमापनाची गरज आहे, कृपया संपर्क साधावा, अशा अर्थाचा. कॅन्सर हा शब्द नाही, गाठ हा शब्द नाही, तिचं नावही धड नाही.

"सर, त्या बाईला मराठीसुद्धा वाचता येत नाही. त्यात नंबर मुकादमाचा."

"सिस्टिममधून तसाच जातो, नसरीनबाई. प्रत्येकीला वेगळा कसा पाठवणार?"

"तुम्ही एक फोन का नाही केला?"

"मेसेज पोचला होता," ते पुन्हा म्हणाले. अगदी शांतपणे. मी टेबलावरचा पेपरवेट उचलून परत ठेवला. का उचलला होता ते त्यांना कळलं असावं.

सुट्टीच्या दिवशी स्कूटर काढून त्या साइटवर गेले. बिल्डिंगला रंग लागत होता. टोळी हलली होती. रंगारी म्हणाला, वेरूळच्या रस्त्याला एका हॉटेलचं काम निघालंय, तिकडं गेले. मी तशीच वेरूळकडं निघाले. खुलताबादचा घाट चढताना मुकादमाला काय काय सुनवायचं याची मनात तयारी करत होते. लेणी बघायला निघालेल्या बसेस शेजारून जात होत्या.

सर्जेराव मुकादम साइटवर पाणी मारत उभा होता. मी विचारलं, तुझ्या मोबाइलवर गयाबाईचा मेसेज आला होता, काय केलंस त्याचं? त्यानं गोंधळून खिशातून फोन काढून माझ्या हातातच दिला.

"बघा बाई तुमीच. रोज हे एवढे येतेत. कर्ज घ्या, लॉटरी लागली, रिचार्ज मारा. समदे इंग्रजी. म्या वाचितच नाय, पुसून टाकितो. त्यात तिचा व्हता व्हय?"

त्याचा चेहरा पडला. "काय निघालं वो तिला?"

घाटात जमवलेलं सगळं तोंडातल्या तोंडात राहिलं. या माणसावर रागवून काय करणार होते? ज्याच्यावर रागवायचं तो इथं नव्हता. तो एसीत बसून पोचल्याची खूण दाखवत होता.

गयाबाई वाळूची पाटी घेऊन आली. मला बघून खूश झाली. "बाई तुमी? इकडं लेण्या बघाया आल्ता का?"

"गया, फोनची वाट पाहिलीस का तू?"

"पाह्यली की. लई दिस पाह्यली. आला नाय, म्हनलं मंग काय नसंल. असतं तर तुमी कळविलंच असतं."

कुणी काही कळवलं नाही, म्हणून तिनं सगळं ठीक आहे असं समजून घेतलं होतं. तिला पत्र्याच्या खोलीत नेलं. तिनं पदर बाजूला केला. गाठ फुटून जखम झाली होती. वर हळद दाबून बसवली होती. संगीता दारात पाठ करून उभी राहिली, कुणी आत येऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून तिला आणि नामदेवला मोठ्या दवाखान्यात नेलं. खिडकीवरच्या माणसानं मान वर न करता विचारलं, "पत्ता?"

"साइटवर ऱ्हातो साहेब," नामदेव म्हणाला.

"साइट म्हणजे पत्ता नाही. गाव कुठलं?"

"सेनगाव तालुका, हिंगोली."

"मग हिंगोलीला का दाखवलं नाही?"

तेव्हा मी ओरडले. सगळी ओपीडी माझ्याकडं बघायला लागली. म्हटलं, हिंगोली म्हणते शहरात जा, शहर म्हणतं हिंगोलीला जा, मग या बाईनं एस.टी.तच मरायचं का? तुम्ही रोज ज्या इमारतीत येऊन बसता, तिच्या विटा असल्याच एखाद्या बाईनं वाहिल्यात. तेव्हा विचारला होता का तिला कुणी पत्ता? त्यानं शिपायाला बोलावलं. नशीब, ओळखीच्या एक जुन्या सिस्टर आवाज ऐकून आल्या आणि त्यांनी गयाला सरळ डॉक्टरांपुढं नेऊन बसवलं.

डॉक्टर चांगले होते. आधी औषधं देऊन गाठ लहान करायची, मग ऑपरेशन, मग किरणोपचार. त्याला तिथले पेशंट 'लाइट घेणं' म्हणतात. नामदेव गावाकडं जाऊन रेशनकार्ड घेऊन आला आणि सरकारी योजनेत नाव बसलं. औषध फुकट मिळालं. राहायला जागा मात्र फुकट नव्हती आणि विकतही नव्हती. साइटवरची खोली कामावर असलेल्या माणसाची. सर्जेराव म्हणाला, राहू दे तिला. हॉटेलच्या इंजिनिअरनं म्हटलं, आजारी बाई साइटवर नको, काही झालं तर आमच्या गळ्यात येईल.

मी तिला माझ्या घरी आणलं. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत माझ्या दोन खोल्या. मिस्टर जाऊन काही वर्षं झालेली, लेक सासरी. गल्लीतल्या बायकांनी दोन दिवस चौकशा केल्या आणि तिसऱ्या दिवशी तिच्यासाठी खिमटी पाठवायला लागल्या. औषध चढवून आणलं की ती उलट्यांनी बेजार व्हायची, आणि जरा बरं वाटलं की माझी भांडी घासायला बसायची. मी रागवायचे.

"बसून खायाची सवय नाय बाई."

केस गळाले तेव्हा मला वाटलं, आता रडेल. तिनं डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बरं झालं. आता पाटी नीट बसंल." मीच आत जाऊन रडले.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, सगळं काढलंय, आता लाइट पूर्ण घ्या, एक दिवस चुकवू नका. रोज यायचं होतं, कितीतरी आठवडे. आणि तेवढ्यात हॉटेलचं काम संपलं. टोळी पुण्याकडं निघाली. नामदेवला जाणं भाग होतं. त्यानं मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली. संगीताही त्याच उचलीत धरलेली.

गयाबाईनं पिशवी भरायला घेतली. आमचं भांडण झालं. आयुष्यात मी कुणाशी तसं भांडले नाही.

"जीव जाईल तुझा! संगीताला इथं ठेव माझ्याकडं."

"मुकादम सोडीत नाय तिला. आन् तिचा बाप दिसभर परांचीवर. पोरगी एकली साइटवर ठिवून म्या हितं लाइट घेत बसू व्हय? साइटवर काय काय असतं ते तुमाला ठावं नाय बाई. म्या त्या वयाची असताना माझी माय गावाकडं व्हती."

ती पुन्हा पिशवी भरायला लागली. मी तिच्या हातात पुण्याच्या दवाखान्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी दिली, सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिले. बसस्टँडवर ती मला म्हणाली, "तिकडं घेते लाइट. तुमी काळजी करू नका."

तिकडच्या खिडकीवरही तिला पत्ता विचारला गेला. त्या खिडकीवर ओरडायला मी नव्हते. एकदा गेली, दुसऱ्यांदा या म्हणाले, दुसऱ्यांदा टोळी आणखी पुढं गेलेली. वर्षानं आजार हाडात उतरला. गावाकडं नेल्यावर थोड्याच दिवसांत गेली. नामदेवनं फोन करून सांगितलं. मागं हार्वेस्टरचा आवाज येत होता. त्याला मध्येच ऐकू येईना. शेवटचं वाक्य त्याला दोनदा ओरडून सांगावं लागलं, "बाई, गया गेली! गेली म्हनलं!"

त्याच वर्षी ट्रस्टचा वार्षिक कार्यक्रम झाला. पडद्यावर एकामागून एक चित्रं येत होती. एका चित्रात गयाबाई दिसली. ऑपरेशननंतर ट्रस्टमधून कुणी तरी माझ्या घरी येऊन काढून नेलेला फोटो, डोक्याला माझी ओढणी बांधलेली. खाली लिहिलं होतं, 'यशोगाथा'. आमच्या गाडीमुळं जीव वाचलेली महिला.

मी उभी राहिले. "ही बाई वारली," मी म्हणाले. माइक नव्हता, पण माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो.

पाटणकर सर व्यासपीठावरून म्हणाले, "नसरीनबाई, आपण यावर नंतर बोलू." आणि पुढचं चित्र आलं. कुणी तरी टाळ्या सुरू केल्या, सवयीनं सगळ्यांनी वाजवल्या.

नंतर बोलणं झालं ते मी करायला लावलं. रोज सकाळी त्यांच्या टेबलापुढं जाऊन उभी राहायचे. शेवटी मेसेज मराठीत आणि हिंदीत जाऊ लागले. गाठ निघालेल्या बाईला माणसानं स्वतः फोन करायचा असं ठरलं. महिन्यातून एक दिवस गाडी मजूर अड्ड्यावर उभी राहू लागली. माझ्या नोकरीची कमाई विचाराल तर एवढीच. ट्रस्टनं त्याचीही बातमी छापून आणली. एवढ्याशा सुधारणेसाठी एक अख्खी बाई जावी लागली, हे बातमीत नव्हतं.

मी रिटायर व्हायच्या थोडं आधीचं. गाडी मजूर अड्ड्यावर लागलेली. नामदेव आला. खूप वाळला होता. बरोबर संगीता, अंगावर शर्ट, हाताला सिमेंट.

"बाई, हिला तपासता का? हिच्या मायला झालं ते हिला व्हतंय का काय, अशी धाकधूक लागती."

मी तिला आत घेतलं. हातानं तपासलं, काही नव्हतं. तिला सांगितलं, तुझं वय या मशीनचं नाही. दर महिन्याला पाळी गेली की अशी बोटं फिरवून आपली आपण बघायचं. तिच्या हाताची बोटं धरून करून दाखवलं. आईला लवकर झालं होतं, म्हणून तू तिशीच्या आसपास फोटो काढायला सुरुवात करायची, विसरायचं नाही. दवाखान्याचं नाव सांगितलं, कुठल्या मजल्यावर जायचं, कुणाला भेटायचं, सगळं सांगितलं. तिनं लक्ष देऊन ऐकलं. मग शर्टाची बटणं लावता लावता तिनं विचारलं,

"पर तवा तुमची गाडी कुठं उभी असंल?"

मी म्हटलं, ते आता मी कसं सांगू?

"तुमचं ऱ्हाऊ द्या बाई," संगीता म्हणाली, "तवा आमी कुठं असू, त्येच कोनाला ठावं हाय."

बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. तिच्या टोळीतल्या बाया चढत होत्या. तिनं पायरीवरून उडी मारली आणि पळत जाऊन टेम्पोचं फळकूट धरलं.